पत्र्यावरचा दगड : हिंगोलीचे हादरे आणि विस्मरणाचा इतिहास

१/ २१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यातील जमीन हादरली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदवली. अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का आला. हिंगोलीसह नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही लोक घराबाहेर धावले. मोठी हानी झाली नाही. मात्र त्या दिवशी निघालेले एक साधे सरकारी आवाहन मराठवाड्याच्या भूकंपेतिहासाचे सार सांगून जाते. #थ्रेड

२/ ते आवाहन नांदेड जिल्हा प्रशासनाचे होते. ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधारासाठी दगड ठेवलेले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत, असा त्याचा आशय होता. शहरातल्या वाचकाला हे आवाहन किरकोळ वाटेल. मराठवाड्यातील खेड्यात राहिलेल्या माणसाला मात्र त्यातली अडचण लगेच कळेल, कारण तो दगड तिथे उगाच ठेवलेला नसतो.

३/ चैत्र-वैशाखात वळवाचे वारे सुटतात. नीट न कसलेला पत्रा अशा वाऱ्यात कागदासारखा उडतो. तो उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवले जातात. वावटळ दरवर्षी येते. भूकंप पिढ्यान्‌पिढ्या येत नाही. दरवर्षीच्या संकटापासून वाचवणारा हा दगड शतकातून एखाद्या वेळी येणाऱ्या संकटात झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर पडतो. ज्या प्रदेशात भूकंप क्वचित होतात, तेथील धोक्याचे स्वरूप असे असते.

४/ हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग आणि संत नामदेवांचे नरसी ही त्याची सर्वपरिचित ओळख. निजामाच्या राजवटीत येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. दुष्काळ, गारपीट, कयाधूचे पूर, रझाकारांचा काळ या सर्वांच्या आठवणी येथे आहेत. भूकंपाची आठवण मात्र या भूमीच्या लोकस्मृतीत अलीकडेपर्यंत जवळजवळ नव्हती.

५/ गेल्या काही वर्षांत हे चित्र बदलले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतून जमिनीतून आवाज येत असल्याच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या. औंढा आणि कळमनुरी तालुक्यांतील गावेही त्यात आली. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘गूढ आवाज’ हे नाव दिले. भूकंपशास्त्राच्या दृष्टीने त्यात फारसे गूढ नाही. भूकंप लहान असला आणि त्याचा उगम उथळ असला, तर त्याच्या वेगवान कंपनांचा काही भाग जमिनीतून हवेत जातो आणि कानांना गडगडाटासारखा ऐकू येतो.

६/ २० नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे ३.५ तीव्रतेचा धक्का नोंदवला गेला. मार्च २०२४ चे दोन धक्के त्यानंतरचे. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. अशा धक्क्यांनी भिंतींना तडे जातात, सहसा घरे कोसळत नाहीत. तरीही मराठवाड्यात असा धक्का बसला की प्रत्येकाच्या तोंडी एकच गाव येते. ते गाव हिंगोलीपासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे.

७/ किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत अधिकृत आकड्यांनुसार ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्या ठिकाणी वसवावी लागली.

८/ ४.५ आणि ६.२ हे आकडे शेजारी ठेवले की फरक लहान दिसतो. ही मोजपट्टी मात्र साध्या बेरजेची नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. या हिशेबाने किल्लारीच्या भूकंपात हिंगोलीच्या सर्वांत मोठ्या अलीकडच्या धक्क्याच्या सुमारे ३५० पट ऊर्जा बाहेर पडली. म्हणून हिंगोलीत जे घडत आहे ते किल्लारीसारखे आहे, असे आज म्हणता येत नाही.

९/ दोहोंत एक साम्य मात्र दुर्लक्षिण्यासारखे नाही. किल्लारीतही मोठ्या भूकंपाच्या आधी लहान धक्के बसले होते. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथील लोकांनी धक्के अनुभवले आणि जमिनीतून येणारे आवाज ऐकले. गावे भयभीत झाली. पुढे महिने लोटले, भीती ओसरली आणि माणसे पुन्हा आपापल्या माळवदाखाली झोपू लागली.

१०/ यावरून ‘लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप होतोच’ असा नियम काढणे चूक ठरेल. जगभर अशा धक्क्यांच्या बहुतेक मालिका काही काळाने आपोआप शमतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून असंख्य धक्के बसले. तेथे किल्लारीसारखा उत्पात झालेला नाही. उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीकचे. भूकंपांसाठी अपरिचित अशा त्या प्रदेशात जानेवारी १९८७ मध्ये धक्के सुरू झाले आणि वर्षभराने, २२ जानेवारी १९८८ रोजी, एकाच दिवसात ६ पेक्षा अधिक तीव्रतेचे तीन भूकंप झाले. मालिका चालू असताना ती कोणत्या वाटेने जाणार हे सांगणारे शास्त्र अद्याप निर्माण झालेले नाही.

११/ मग दख्खनचे पठार ‘भूकंपमुक्त’ आहे ही समजूत आली कोठून? तिचे मूळ भूशास्त्राच्या जुन्या मांडणीत आहे. हिमालय तरुण आणि अस्वस्थ, तर द्वीपकल्प प्राचीन, कठीण आणि अचल, अशी ती मांडणी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने बनलेला काळा पाषाण पाहून कोणालाही तो अढळच वाटेल. पुण्या-मुंबईपासून नांदेडपर्यंतचा बराचसा महाराष्ट्र या काळ्या पाषाणावर उभा आहे.

१२/ या समजुतीला पहिला तडा कोयनेने दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली. शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले होते आणि तेव्हापासूनच तेथे लहान धक्के जाणवत होते. जलाशयाशी निगडित भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते. त्या वेळच्या नकाशात हा परिसर धोक्याच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर होता.

१३/ आता नकाशाकडे पाहू. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर, १९३५ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशाचा पहिला भूकंपनकाशा काढला. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने बांधकामासाठी अधिकृत नकाशा दिला. त्यात ० ते ६ अशी सात क्षेत्रे होती. ‘क्षेत्र शून्य’ याचा सरळ अर्थ असा घेतला जाई की येथे भूकंपाचा विचार करण्याची गरज नाही.

१४/ कोयनेनंतर १९७० च्या सुधारणेत ‘क्षेत्र शून्य’ रद्द झाले. कोणत्याही प्रदेशाला पूर्णतः भूकंपमुक्त म्हणणे शहाणपणाचे नाही, हे मान्य करावे लागले. आता सर्वांत खालची पायरी ‘क्षेत्र एक’ झाली. १९९३ साली किल्लारी याच पायरीवर होते. किल्लारीनंतर, २००२ च्या नकाशात, ‘क्षेत्र एक’ही रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर ‘क्षेत्र तीन’मध्ये गेला. देशाच्या भूकंपनकाशातील सुरक्षिततेच्या दोन पायऱ्या महाराष्ट्रातील दोन भूकंपांनंतर नाहीशा झाल्या.

१५/ २००२ च्या या नकाशात हिंगोली ‘क्षेत्र दोन’मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे. ‘सर्वांत कमी’ हे शब्द वाचताना वरील इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. भूकंपनकाशा मुख्यतः ज्ञात भूकंपांवर आणि ज्ञात भूरचनेवर आधारलेला असतो. जेथे नोंदच नाही तेथे नकाशाही शांत दिसतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण ओळखीची आहे: साधनांचे मौन म्हणजे घटनेचा अभाव नव्हे.

१६/ नोंदी तरी कोणी ठेवल्या? थॉमस ओल्डहॅम यांनी संकलित केलेली भारतीय भूकंपांची सूची १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा संकलनांना माहिती मिळे ती अधिकाऱ्यांच्या पत्रांतून आणि वृत्तपत्रांतून. साहजिकच छावण्या, बंदरे आणि मोठी शहरे त्यांत ठळक दिसतात. भारतात यंत्राने भूकंप नोंदवणारे पहिले केंद्र कलकत्त्याजवळील अलीपूर येथे १८९८ मध्ये सुरू झाले. कयाधूच्या काठी त्या काळी ३.५ चा धक्का बसला असता, तर तो कोणत्याही दप्तरात उतरण्याची शक्यता फार थोडी होती.

१७/ मंदिरांची साक्ष काढावी तर तीही पुरेशी ठरत नाही. औंढा नागनाथचे यादवकालीन मंदिर शतकानुशतके उभे आहे, हे खरे. पण त्याचा वरचा भाग नंतरच्या काळात पुन्हा बांधलेला आहे. शिवाय सात-आठशे वर्षे माणसाला दीर्घ वाटली तरी द्वीपकल्पातील खडकांसाठी तो अल्प काळ आहे. येथे एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षांचे अंतर असू शकते.

१८/ या संदर्भात धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, विशेष लक्षणीय आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर सी. पी. राजेंद्रन यांनी तेरच्या परिसरात जमिनीच्या थरांचा अभ्यास केला. तेथे आढळलेल्या विस्थापनावरून इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास येथे मोठा भूकंप झाला असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. हे अनुमान ग्राह्य धरले तर मराठवाडा भूकंपाला अपरिचित नव्हता. दोन भेटींमधील काळ एवढा दीर्घ होता की पहिली भेट कोणाच्या स्मरणात उरली नाही.

१९/ भूमी अचल नसण्याचे कारणही आता बरेच स्पष्ट आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला भिडतो. त्या रेट्याचा बहुतांश ताण हिमालयात मोकळा होतो, पण संपूर्ण द्वीपकल्प त्या दाबाखाली असते. किल्लारीला घेतलेल्या खोल छिद्रात काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरांवर संपला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. भूकंप जन्मतो तो त्या खालच्या खडकातील जुन्या कमकुवत भेगांत. वरून अखंड दिसणारा काळा पाषाण त्यांच्यावर पसरलेले आवरण आहे.

२०/ हिंगोलीच्या हादऱ्यांबाबत पावसाचे पाणी भेगांत मुरण्यापासून धरणांपर्यंत अनेक कारणे चर्चेत येतात. येलदरी, सिद्धेश्वर आणि इसापूर ही धरणे या परिसरात आहेत, त्यामुळे कोयनेची आठवण निघणे स्वाभाविक आहे. परंतु कोयनेत जलाशय भरू लागताच धक्के सुरू झाले होते. येथील धरणांत दशकानुदशके पाणी साठत आले आहे. केवळ धरण जवळ आहे म्हणून दोष त्याच्या माथी मारणे घाईचे होईल.

२१/ कारण काहीही असो, माणसे मरतात ती घर कोसळल्याने. किल्लारीची घरे कशी होती? दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड दगडी भिंती, सांधे मातीचे. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि पांढऱ्या मातीचे जाड माळवद. पाणी झिरपू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडे. जुनी काढली जात नसे. आजोबांपासून नातवापर्यंत छप्पर जड होत जाई.

२२/ ही घरे अज्ञानातून बांधलेली नव्हती. जाड भिंत आणि मातीचे छत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवी. दरोड्याच्या भीतीच्या काळात तीच भिंत राखण करी. दगड शिवारात मिळे, पांढरी माती गावच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर मिळे. ऊन, चोर आणि खर्च या रोजच्या तीन प्रश्नांचे हे चोख उत्तर होते. चौथा प्रश्न कोणाच्या आयुष्यात कधी विचारलाच गेला नव्हता. तो विचारला गेला त्या पहाटे दोन्ही थर फुटून भिंती फाकल्या आणि पिढ्यांची माती झोपलेल्यांवर आली. अनेक ठिकाणी भिंती पडूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता, ही बाब पुढे अभ्यासकांनी आवर्जून नोंदवली.

२३/ त्या अनुभवातून दुरुस्तीचे साधे मार्ग पुढे आले. भिंतीच्या दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे गट्टू, कोपरे जखडणे, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताच्या पातळीला घराभोवती सलग काँक्रीटचा पट्टा, माळवदावरील जादा माती उतरवणे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या पुनर्वसनात ही कामे गावोगावी झाली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावातील स्त्रिया ‘संवाद सहायक’ बनल्या आणि घर कसे सावरावे हे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावले.

२४/ भूकंपाने दगडाविषयी दहशतही निर्माण केली. लोकांनी दगड सोडून सिमेंट-काँक्रीटवर भरवसा ठेवला. तो भरवसाही तपासून घ्यावा लागतो. पट्टा न घातलेल्या कच्च्या भिंतींवर टाकलेला जड स्लॅब म्हणजे सिमेंटचे माळवदच. सामग्री बदलली, पण भिंत आणि छत एकमेकांना बांधलेले नसतील तर धोका तोच राहतो.

२५/ आता पुन्हा पत्र्यावरच्या दगडाकडे वळू. दगड काढा असे सांगणे योग्यच होते, पण ते अर्धे उत्तर आहे. दगड काढला आणि वैशाखात वावटळ आली, तर पत्रा उडेल. मग दगड पुन्हा वर चढेल. पत्रा हुक आणि नट-बोल्टने खालच्या लोखंडी किंवा लाकडी आधाराला कसला, तर तो वाऱ्यातही टिकतो आणि दगडाची गरज उरत नाही. क्वचित येणाऱ्या संकटाचा उपाय नेहमीच्या संकटातही उपयोगी पडला, तरच तो खेड्यात टिकतो.

२६/ हिंगोलीची जमीन उद्या शांत होईल की पुन्हा हादरेल, हे कोणी सांगू शकत नाही. किल्लारीत १९९२ चे धक्के आणि १९९३ ची पहाट यांच्यामध्ये सुमारे अकरा महिने गेले. तेवढ्या काळात माळवदावरची थोडी माती उतरवता आली असती, काही कोपरे जखडता आले असते. तेव्हा तसे सांगणारे कोणी नव्हते आणि नकाशाही निर्धास्त होता. आज तो अनुभव हाताशी आहे. दर उन्हाळ्यात, मृगापूर्वी, मराठवाड्यातील घराघरांतून छपराची डागडुजी होतेच. पत्र्यावरचे दगड उतरवून हुक कसण्याचे काम त्याच डागडुजीत होण्यासारखे आहे.

(समाप्त)